डोंगराखालून जाताना

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून घाबरणारी बाई मी नव्हे. आमच्या महाडात पुराचं पाणी दुकानात शिरलं आणि शिलाई मशिनी चिखलात गेल्या, तेव्हाही मी नवस बोलले नाही की कुठे कौल लावायला गेले नाही. आमचे मिस्टर म्हणतातच, "हिला भूत दिसलं तर भुतालाच ताप भरेल." त्यामुळे हे कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. कोणाला असं काही झालं असेल तर मला सांगा, एवढ्यासाठीच लिहितेय.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या मुलीची, स्वराची, दुसरीची परीक्षा संपली होती. माझ्या सासूबाई पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला एका वाडीत राहतात. आयुष्यभर एसटी, नाहीतर पायी... रेल्वेत कधी बसलेल्या नाहीत. स्वराने डोकं खाल्लं, "आजीला रेल्वेत बसवायचंच!" मग ठरवलं, दोन दिवस रत्नागिरीला जाऊ, समुद्र बघू, मासे खाऊ आणि परत येऊ. मिस्टरांना कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. म्हणून आम्ही तिघीच निघालो.

वीर स्टेशनला सासूबाई आल्या त्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि हातात जांभळीचा एक डहाळा घेऊन.

"आई, गाडीत झाड लावताय की काय?" मी म्हटलं.

"हस तू. खिंड लागंल ना गो. रिकाम्या हातानं जायाचं नाय."

ही त्यांच्याकडची रीत आहे. घाटातली खिंड ओलांडताना तिथल्या राखणदाराच्या दगडावर हिरवा डहाळा ठेवायचा. जो पहिल्यांदाच ओलांडतोय, त्याने तर स्वतःच्याच हाताने ठेवायचा, दुसऱ्याने त्याच्या नावाने ठेवलेला चालत नाही. आता हायवेलासुद्धा बोगदा झालाय, पण सासूबाई आपल्या जुन्या घाटानेच न्यायला लावतात. आणि स्वरा त्या डोंगरापलीकडे कधी गेलीच नव्हती! म्हणून डहाळा तिच्या हातात दिला. मी म्हटलं असू दे, चार पानं तर आहेत.

सकाळची पॅसेंजर. डब्यात गर्दी नव्हती. समोर खेडला जाणारे एक काका बसले होते, चांगले बोलके. सासूबाई खिडकीशी. भलत्याच खूश होत्या हो, दिसेल त्या शेताला हात करत होत्या. मला एवढंच बजावून ठेवलं होतं, "गाडी घाट चढाय लागली का सांग. पोरीला उठवूया, खिडकीतनं डहाळा तिलाच टाकाय लावूया."

आणि इथेच आमचं चुकलं... एसटी घाट चढते तेव्हा कळतं. वळणं लागतात, गिअर पडतात, कोणीतरी ओकायला लागतं. रेल्वे चढतच नाही. ती सरळ डोंगरात शिरते. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात आलं नाही. एकदम अंधार झाला, डब्यातले दिवे पिवळे दिसायला लागले, कानात दडे बसले. लांबलचक बोगदा.

"खिंड कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"ती वर राहिली आई. आपण खालून चाललोय."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे... दिल्याबिगर आत शिरलो?" असं म्हणून त्यांनी स्वराला ओढून जवळ घेतलं. डहाळा पोरीच्या मुठीत तसाच होता. मी हसणार होते, पण तेवढ्यात गाडी थांबली.

क्रॉसिंग असेल, मी मनात म्हटलं. पॅसेंजर कुठेही थांबते. पण इतकं शांत... पंख्यांचा आवाजही बंद झाला. मग मागच्या डब्याकडून आवाज यायला लागला. टक. जरा वेळाने परत टक. बाहेरून कोणीतरी एकेका खिडकीच्या पत्र्यावर बोट वाजवत पुढे येत होतं. रेल्वेचा माणूस गाडी तपासतोय असं मी स्वतःला समजावलं. पण रुळाजवळ उभ्या माणसाचं डोकंसुद्धा खिडकीपर्यंत पोचत नाही, आणि तो आवाज तर आमच्या कानांच्या पातळीवरून येत होता!

आमच्या खिडकीशी येऊन तो थांबला. दिसलं काहीच नाही. गजापलीकडे काळोख आणि ओला वास, विहिरीत वाकल्यावर येतो तसा. आणि आवाज आला. बाईचा की बाप्याचा, देवाशप्पथ सांगता येणार नाही. अगदी साधा, शेजारच्या घरी वाटी मागायला आल्यासारखा.

"माझं कुणाकडं हाय?"

सासूबाईंनी माझा दंड असा धरला की नखं रुतली. आणि आमच्या दोघींच्या मधून स्वरा उठली. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हती. "माझ्याकडे आहे," असं म्हणून ती खिडकीकडे निघाली.

मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. अहो, सात वर्षांची पोर, मला हलेना! अंग बर्फासारखं गार. डहाळा धरलेला हात गजातून बाहेर गेला होता, कोपरापर्यंत, आणि अजून जात होता... बाहेरून कोणी ओढत असावं तसा. मी किंचाळले. समोरच्या काकांनी मानसुद्धा वर केली नाही.

सासूबाई उठल्या. त्यांनी स्वतःचा हात गजातून बाहेर घातला आणि स्वराच्या मुठीतून डहाळा हिसकावून घेतला.

"पोरीचं नाय. माझं हाय. ह्ये घे नि जा बाबा."

डहाळा गेला. खाली पडल्याचा आवाज आला नाही. पंखे सुरू झाले, गाडी चालू लागली आणि थोड्या वेळात झक्क ऊन पडलं. स्वरा माझ्या मांडीवर जांभई देत विचारत होती, "आई, बोगदा संपला पण?" तिला काही आठवत नव्हतं.

मी काकांना विचारलं, "गाडी एवढा वेळ का हो थांबली होती?"

"कुठे थांबली?" ते म्हणाले. "बोगद्यात जराही थांबली नाही. तुम्ही तिघी झोपला होतात की!"

रत्नागिरीला स्वरा लाटांत मनसोक्त खेळली. सासूबाई वाळूत बसून फक्त तिच्याकडे बघत होत्या, समुद्राकडे नाही. परत येताना आम्ही रेल्वेचं नाव काढलं नाही. रविवारी मिस्टर कार घेऊन न्यायला आले, जुन्या घाटात थांबलो, आणि स्वराच्या हाताने खिंडीतल्या दगडावर नवा डहाळा ठेवला. मला वाटलं, चला, सुटलो.

"वरच्याचं वरच्याला पोचलं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "खाली कोण हुता, त्ये कसं कळायचं गो?"

मिस्टर म्हणतात, बोगद्यात कान बंद होतात, हवा कमी पडते, माणसाला भास होतात. असतीलही. पण दोघींना एकच भास, एकाच वेळी? आणि स्वराच्या कोपराशी काळानिळा वळ उठला होता, तो त्यांनीही बघितला.

सासूबाई आता आमच्याकडेच असतात, महाडला. नातीला सोडून वाडीवर जायला तयार नाहीत. भर दुपारी बसल्या बसल्या त्या मध्येच "ओ" देतात. कोणीच हाक मारलेली नसते. मी विचारलं की म्हणतात, "मी बोलले ना, माझं हाय म्हणून. आता मलाच बोलवनार." मी त्यांना रागावते, नंतर आत जाऊन रडते. बाई माझ्या पोरीसाठी स्वतः पुढे झाली, आणि मी तिला रागावते.

परवा दुपारी मी मशीनवर होते. सासूबाईंनी "ओ, आले" म्हटलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. स्वरा खाली फरशीवर चित्र रंगवत होती. तिने मान वर केली नाही, खडूही थांबवला नाही.

"आजी, तू बस ना," ती म्हणाली. "ते तुला नाही बोलवत. मला बोलवतायत."