खोडू न दिलेली नोंद

डॉ. इंदुमतीबाईंना मी प्रथम भेटले ती किन्हवलीत, नोंदी लिहिण्याच्या कामाच्या मुलाखतीला. चौथीपर्यंत मी घरीच आत्याजवळ शिकले, शाळेचा दाखला नाही, हे मी कुणी विचारण्याआधीच सांगून टाकले. बाईंनी विचारले, "आत्यांनी काय शिकवलं?"

"सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं. पदरचं घालायचं नाही."

"मग सोमवारपासून या."

आपल्या शरीरातील पेशी रक्तात अतिसूक्ष्म पिशव्या सोडत असतात. त्यांना एक्झोसोम म्हणतात. कर्करोगाच्या पेशीही त्या सोडतात. गाठ हाताला लागण्याआधी या पिशव्यांवरून रोग ओळखता येईल का, याचा शोध बाई निवृत्तीनंतर शहापूर-मुरबाडच्या गावांतून घेत आहेत. रक्त उपाशीपोटी घ्यावे लागते. शेवटच्या बाईच्या हातात चहा-बिस्कीट पडेपर्यंत डॉक्टरबाई स्वतः चहाला शिवत नाहीत. एकदा एक आजी म्हणाल्या, "रक्त नेता दर टायमाला, आनता काय गो?" बाई म्हणाल्या, "अजून काहीच नाही, आजी." खोटी आशा त्यांनी कुणालाही दिलेली मी पाहिली नाही.

आता एका बाईंची गोष्ट लिहायची आहे. त्यांच्या घरच्यांना विचारून आणि नाव बदलून लिहिते आहे.

मुरबाडकडच्या एका गावात हिराबाई रक्त द्यायला आल्या. मी छापील प्रश्न वाचला, "तंबाखू खाता का?"

"नाय गो. ते बाप्यांचं काम."

मी 'नाही' लिहिले. तंबाखू खाणाऱ्यांचेच तोंड तपासायचे असे ठरले होते, म्हणून हिराबाईंचे तपासले गेले नाही. त्यांच्या रक्ताची नळी तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी गटात गेली.

सहा महिन्यांनी त्या नळीतल्या कर्करोगाच्या पिशव्यांचा आकडा भलताच वर आला. प्रयोगशाळेतले सहकारी म्हणाले, यंत्राची चूक असेल, वगळून टाकू. बाई म्हणाल्या, "आकड्याच्या मागे माणूस आहे. आधी बघून येऊ."

हिराबाई अंगणात मशेरी लावत बसल्या होत्या. मी विचारले, "अहो, ही तंबाखूच ना?"

"ही? हिनं दात घासतो आमी. खातो थोडीच?"

बाईंनी त्यांना उजेडाकडे वळवून तोंड उघडायला सांगितले. गालाच्या आत जखम होती. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, पण रोग मानेत उतरला होता. पुढच्या वर्षी हिराबाई गेल्या.

मी राजीनामा लिहून नेला. बाईंनी तो वाचला. "प्रश्न मी लिहिला होता. नोकरीत असल्यापासून या भागात चाळीस वर्षं येऊन मला मशेरी आठवली नाही. तुझ्या आधी मला जावं लागेल. उद्यापासून तोंड सगळ्यांचं बघायचं. बॅटरी घेऊन ये." माझी चूक नव्हती, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

अहवालाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले, हिराबाईंची नोंद रुग्णांच्या गटात हलवू. चाचणीने रोग आधीच ओळखला असे दिसेल, आणि ते खोटेही नाही. बाईंनी नकार दिला. "त्या निरोगी म्हणून आपल्याकडे आल्या आणि आपण त्यांना निरोगी म्हणून परत पाठवलं. तसंच लिहा." खाली प्रश्नावलीतील दोष त्यांनी स्वतःच्या नावाने नोंदवला. निरोगी गटातला तो चढा आकडा चाचणीचीच चूक म्हणून मोजला गेला आणि अहवाल दुबळा ठरला, काहींनी तसे तोंडावर ऐकवलेही. बाईंनी नोंद बदलली नाही.

गेल्या महिन्यात हिराबाईंच्या सूनबाई रक्त द्यायला आल्या. तोंड तपासून झाल्यावर त्यांनी विचारले, "आता तरी सांगतं का रक्त, आदीच?"

बाई शेजारीच होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, उत्तर मलाच द्यायचे होते.

"अजून नाही," मी म्हणाले.

सूनबाईंनी मान हलवली आणि हात पुढे केला.

बाईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. या प्रश्नाला 'हो' म्हणण्याचा दिवस त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसावा, आणि तोपर्यंत त्यांची प्रकृती ठणठणीत राहावी, एवढेच मागते.