हॅलोकाकांचा कान

हॅलोकाकांचं खरं नाव हॉस्पिटलात फार थोड्यांना ठाऊक होतं. जिन्याखालच्या खोलीत, जिथे ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं, तिथे त्यांचा टेलिफोनचा बोर्ड होता. उमेदीची सगळी वर्षं त्या खुर्चीत गेली. फोन आला की "हॅलो, बोला," आणि मग "थांबा हं, जोडून देतो." दिवसभर गावभरच्या लोकांशी बोलायचं आणि खरं तर कुणाशीच बोलायचं नाही, असं ते काम.

त्या कामानं आपल्याला एक देणगी दिली आहे, अशी मात्र त्यांची खात्री होती. डॉक्टर कसा आहे हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. कोण फोन उचलतानाच करवादतो, कोण नातेवाइकांचं बोलणं अर्ध्यावर तोडतो, कोण शेवटपर्यंत ऐकून घेतो, हे त्यांना पाठ होतं. "तोंडदेखलं हसता येतं," ते वॉर्डबॉयना ऐकवायचे, "पण आवाज तोंडदेखला काढता येत नाही. आमचा कान फसत नाही."

बायको गेल्यावर घरात ते आणि साहेब असे दोघेच उरले. साहेब म्हणजे ससा. अंगानं पांढरा, एक कान तेवढा काळा. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा आईला सोबत म्हणून तिनं तो आणून दिला होता. "खातो, लोळतो आणि हाक मारली तर ढुंकूनही बघत नाही. हा तर साहेबच की!" असं बायको म्हणाली आणि तेच नाव पडलं. तिच्या आजारपणात तो तिच्या पायाशी पांघरुणाच्या घडीत बसून असायचा. ती गेली त्या दिवशी पलंग हलवताना तो कुणाच्या तरी पायाखाली येता येता वाचला. काकांनी त्याला उचलून शर्टात धरलं, आणि लोक भेटायला येत राहिले तोवर ते तसेच बसून राहिले.

पुढे तेच रोजचं झालं. कामावरून आले की काका चपला काढतानाच बोलायला लागायचे. आज कोण ओरडलं, कुठल्या डॉक्टरांनी फोन आपटला, सगळं. चहाबरोबरचं अर्धं बिस्किट साहेबाचं. ससा काही बोलत नाही. पण दिवसभर आवाज ऐकून आलेल्या माणसाला ते बरंच वाटायचं.

एका सकाळी साहेबानं बिस्किटाला तोंड लावलं नाही. गाजर हुंगलं आणि मान फिरवली. हनुवटीखालचे केस ओले दिसत होते. संध्याकाळी काका परत आले तेव्हा गाजर तिथेच सुरकुतून पडलेलं.

त्यांनी लगेच फोन जवळ ओढला. जनावरांचे दोन डॉक्टर बऱ्यापैकी जवळ होते. पहिल्या ठिकाणी खुद्द डॉक्टरीणबाईंनीच फोन उचलला. आवाज असा, की जणू कुणी करपलेलं पातेलं घासतंय.

"कधीपासून खात नाहीये? लेंड्या टाकतोय का? केवढ्या?"

"लहान आहेत. म्हणजे... फारशा दिसल्या नाहीत."

"वाळलं गवत खातो की नाही?"

"गवत? बिस्किट खातो. गाजर खातो."

"बिस्किट? अहो, ससा आहे की पाहुणा? आत्ताच्या आत्ता घेऊन या. उद्या नको. थोडं पाणी, पाला, जे घेईल ते पुढे ठेवा. उपाशी ठेवू नका."

काकांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत असे आवाज त्यांनी शेकड्यांनी ऐकले होते. असल्या डॉक्टरांच्या तक्रारी शेवटी बोर्डावरच यायच्या. 'बघतो' म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि दुसरा नंबर फिरवला.

"नमस्कार काका," पलीकडून आवाज आला. मऊ, सावकाश, जणू आपल्याचसाठी वेळ काढून बसलेला. "काही काळजी करू नका. मुकी असली तरी आपलीच लेकरं ना ती? या घेऊन, आपण बघू."

काकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. "याला म्हणतात डॉक्टर," ते साहेबाला म्हणाले आणि त्याला टोपलीत ठेवलं.

दवाखाना लखलखीत होता. भिंतीभर कुत्र्यांचे फोटो, कोपऱ्यात मंद गाणी. डॉक्टरांनी साहेबाच्या पाठीवरून हात फिरवला, पोट चाचपल्यासारखं केलं. "उन्हाळ्याचं होतं असं. पोट बिघडलंय." एक इंजेक्शन दिलं, गुलाबी औषधाची बाटली दिली. "आज पोटाला आराम द्या. उद्या सकाळपर्यंत काही खायला घालू नका."

घरी आल्यावर काकांनी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती पुरतं ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, त्यांनी दात बघितले का? ते ससे बघतात का, हे तरी विचारलंत?"

"अगं, माणूस किती चांगला आहे, तू बोलून बघ."

"चांगला असेल हो. पण सशाचं कळतं का त्यांना? त्या दुसऱ्या बाईंनी तर किती प्रश्न विचारले तुम्हाला."

"प्रश्न कसले, उलटतपासणी! माणसं ओळखायला मला शिकवू नकोस तू."

तेवढ्यात टोपलीतून बारीक करकर ऐकू आली. साहेब डोळे मिटून दात घासत होता. "ऐक, ऐक," काकांनी फोन टोपलीपाशी धरला. "मांजर घुरघुरतं ना, तसं चाललंय. औषधानं आराम पडला त्याला."

दुसऱ्या दिवशी साहेब कुशीवर पडलेला होता. कान हाताला गार लागले. काकांनी कामावर खाडा केला आणि मऊ आवाजाच्या डॉक्टरांना फोन लावला.

"नमस्कार काका. काही काळजी करू नका. मुकी असली तरी..."

"अहो डॉक्टर, तो उठत नाहीये."

"हो हो. आपलं ते... मांजर, नाही का?"

"ससा. काल संध्याकाळी आणला होता."

"बरोबर, ससा. थांबा हं, मी जरा बघून तुम्हाला फोन करतो."

थांबा हं. काकांच्या हातातला फोन तसाच राहिला. हा आवाज त्यांना चांगला माहीत होता. बोर्डावर बसून रोज ते हाच आवाज लावत असत. समोरच्याचं माणूस मरणाच्या दारात असलं तरी तितकाच मऊ, तितकाच सावकाश, आणि आत काही नाही. नोकरीला लागले तेव्हा थोरल्या ऑपरेटरनं घोटून घोटून घेतला होता. आपल्याच हातचं खोटं नाणं आपणच खरं म्हणून घेतलं होतं.

टोपली छातीशी धरून ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. जुनी, अरुंद खोली. औषधाचा उग्र वास. बाकावर पाय मोडलेली बकरी घेऊन एक जोडपं बसलेलं. बाईंनी टोपलीत एकदा डोकावून पाहिलं आणि त्या जोडप्याला म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा." बस, एवढंच.

त्यांनी साहेबाला टॉवेलात गुंडाळलं आणि लहानशा दिव्यानं तोंडात पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग दिवा काकांच्या हातात दिला. "मागे बघा. दाढेला टोक आलंय. जिभेत घुसलंय ते. खाणार कसा? गवत चावलं असतं तर दाढा झिजत राहिल्या असत्या."

काकांनी गुलाबी बाटली पुढे केली. तिच्यावरचं नाव वाचून बाईंनी ओठ आवळले. "हे कुत्र्या-मांजराला चालतं. सशाला पोटातून देत नाहीत, आतडी बिघडतात. आणि वर रात्रभर उपाशी."

"पण रात्री बरा होता. दात घासत होता, खुशीत."

"हळूच घासले तर खुशीत. करकर ऐकू येत होती का तुम्हाला?"

"लांबूनसुद्धा."

"मग ते दुखत होतं."

काका खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, "काल तुम्ही म्हणालात तेव्हाच आणला असता तर?"

"कदाचित," बाई म्हणाल्या. "खात्री नाही. पण कदाचित."

खोटा धीर त्यांनी दिला नाही. सुईनं पाणी दिलं, अंग गरम ठेवलं, दुपारभर मधे मधे येऊन बघत राहिल्या. ऊन उतरलं तेव्हा आपणच म्हणाल्या, "आता हाल होतायत त्याचे. तुम्ही हो म्हणालात तर झोपेचं इंजेक्शन देते. हात ठेवा त्याच्यावर."

काकांनी हात ठेवला. साहेब गेला तेव्हा काहीच आवाज झाला नाही.

रिकामी टोपली घेऊन घरी परतताना भर रस्त्यात ते थांबले. बायकोच्या ऑपरेशनला कुठला डॉक्टर, हेही त्यांनीच ठरवलं होतं. मुलगी आणखी एकाला दाखवू म्हणत होती. "गरज नाही," ते म्हणाले होते, "त्यांचा आवाज ऐकलाय मी." मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, तरी ते जागचे हलेनात.

कामावर ते परत रुजू झाले. दुसरा ससा आणा, असं वॉर्डबॉय म्हणाले. त्यांनी नको म्हणून मान हलवली. "कुठल्या डॉक्टरांना दाखवू हो?" असं फोनवर कुणी अजिजीनं विचारलं तर "मला नाही सांगता येणार" म्हणून ते लाइन जोडून देत. पुढे तो बोर्डही गेला, मशीन आलं, आणि काका घरी बसले.

मुलीचा फोन येतो. "मी मजेत आहे, बाबा," ती म्हणते. पूर्वी एवढ्या तीन शब्दांत त्यांना कळायचं, जेवली की नाही, रडली की नाही. म्हणजे कळतं असं वाटायचं. आता ते विचारतात, "खरंच मजेत आहेस ना?"

"हो हो, बाबा."

"नक्की ना?"

"किती वेळा तेच विचारता हो!" ती वैतागते, मग हसते. त्या हसण्याकडे ते कान लावून राहतात, आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नाही.