चित्राची मागची बाजू

आमच्या अमरावतीच्या घरी पाहुण्यांना ते चित्र आधी मागून दाखवलं जायचं. चहा झाला की बाबा उठायचे, खिळ्यावरून फ्रेम काढायचे, उलटी करायचे आणि मागच्या पुठ्ठ्यावरच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवायचे. "वाचा. मॅडमनं सोताच्या हातानं लिवलं हाय. माझं नाव हाय त्याच्यात." बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव त्या ओळीत कुठून कुठवर आहे हे पक्कं ठाऊक होतं.

मॅडम म्हणजे मिशनच्या दवाखान्यातल्या इंग्रज डॉक्टरीणबाई. आम्ही फुलं-भाजी पिकवून विकणारे. तरुणपणी बाबा रोज सकाळी त्यांच्या बंगल्यावर शेवंती आणि वांगी पोचवत. मॅडम कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांनी भिंतीवरचं हे चित्र काढलं, मागे ओळ लिहिली आणि बाबांच्या सायकलला बांधून दिलं. त्याच आठवड्यात दवाखान्यातला एक माणूस चौकात म्हणाला, बंगला रिकामा होताना माळ्यानं हात मारला. मॅडम तर गेलेल्या. बाबांच्या बाजूनं बोलायला उरली ती पुठ्ठ्यावरची एक ओळ. तिच्या वरच्या बाजूला लंडनच्या प्रदर्शनांच्या दोन पिवळ्या चिठ्ठ्याही चिकटवलेल्या होत्या.

चित्र तसं साधंच. राखाडी टेबल, त्यावर एक पांढरा जग आणि दोन नासपती, सगळं चपटं, जणू कोणी वरून दाबलेलं. बाबा म्हणायचे, "थो जग धड उभा नाई, पण पडत बी नाई." मी पुढे चित्रकलेची शिक्षिका झाले, त्या शैलीबद्दल वर्गात बरंच बोलले, पण याहून नेमकं काही मला सुचलं नाही.

अकोल्याच्या शाळेत नोकरी लागल्यावर एकदा तिथल्या दोन शिक्षिका आमच्या घरी आल्या. बाबांनी नेहमीप्रमाणे फ्रेम उलटी केली आणि मागची पालीची वाळकी अंडी एकीच्या बशीत पडली. त्या हसल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. येणाऱ्या प्रत्येकाला आपण चोर नाही हे सांगत बसणाऱ्या बापाची मला लाज वाटली. हो, लाजच. त्याच महिन्यात 'चांगली फ्रेम करून आणते' म्हणून मी चित्र अकोल्याला नेलं आणि फ्रेमवाल्याला सांगितलं, "मागून पक्कं बंद करून द्या."

चित्र परत आलं ते झकास दिसत होतं. बाबांनी ते उलटं केलं. मागे कोरा हार्डबोर्ड, त्यावर दुकानाचं स्टिकर. "मॅडमची ओळ कुठी गेली?"

"आत आहे, बाबा. सुरक्षित आहे," मी ठोकून दिलं. फ्रेमवाल्याला विचारलं नव्हतं.

त्यानंतर बाबांनी पाहुण्यांना चित्र दाखवणं बंद केलं. मला हायसं वाटलं होतं.

निवृत्त झाल्यावर मी चित्रावरच्या सहीवरून चित्रकार शोधला, मोबाइलवर चित्राचा फोटो काढला आणि मागे बाबांच्या नावाची ओळ आहे असं लिहून तो त्या चित्रकाराच्या देशातल्या एका संग्रहालयाला ईमेलनं पाठवला. त्यांच्याकडे त्याच्या सगळ्या चित्रांची यादी तयार होत होती. उत्तरात या चित्राची हकीकत आली. दोनदा लंडनच्या प्रदर्शनात, मग मॅडमच्या भावाकडे, भावाकडून मॅडमकडे, मॅडमबरोबर भारतात. पुढे काही नाही. मागच्या बाजूचा फोटो पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. तिथे लिहिलेलं आढळलं, तर मॅडमनंतर तुमच्या वडिलांचं नाव नोंदवू.

बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मी आनंदाच्या भरात त्यांना सगळं सांगून बसले. त्यांनी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. "खोल मंग," म्हणाले.

धुळीनं त्यांना खोकला येईल म्हणून मी फ्रेम स्वयंपाकघरात नेऊन खोलली. हार्डबोर्डच्या आत थेट चित्राचंच कापड होतं. पुठ्ठा नव्हताच.

'उद्या नीट पाहते' असं सांगून मी अकोला गाठलं. फ्रेमवाला आता म्हातारा झाला होता, पण त्याला आठवत होतं. "ताई, त्या पुठ्ठ्याले वाळवी लागली होती ना. चित्रात घुसली असती. म्या जाळून टाकला थो. तुमचं चित्र वाचवलं म्या." त्याचं खरं होतं. त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

घरी पाऊल टाकताच बाबांनी विचारलं, "त्यायनं माझं नाव टाकलं काय?"

"टाकलं."

"दाखव."

मी कॉम्प्युटरवर संग्रहालयानं कळवलेली हकीकत जशीच्या तशी टाइप केली आणि शेवटी माझ्या पदरची ओळ घातली, की मॅडमनं हे चित्र अमुक यांना भेट दिलं. ओळ खरी होती, कागद खोटा होता. बाबांनी बोटानं आपलं नाव शोधलं आणि बराच वेळ बोट तिथून हलवलं नाही. मग म्हणाले, "मागून चिकटव."

मी डिंकानं चिकटवलं. पुढचे चार महिने दूधवाला, नर्स, शेजारीपाजारी, सगळ्यांनी चित्र मागून पाहिलं. बाबा गेले त्या दिवशीही फ्रेम पलंगाशी उलटीच टेकवलेली होती.

तेराव्यानंतर संग्रहालयाचं पुन्हा ईमेल आलं, मागचा फोटो राहिला म्हणून. मी मोबाइल घेऊन चित्रासमोर बसले. मागे होता तो फक्त मी छापलेला कागद. तो पाठवला असता, तर आमच्या घरानं खोटा पुरावा बनवल्याचंच दिसलं असतं. फाडायला हात गेला, पण कागदावर बाबांच्या बोटाचा तेलकट डाग होता. मी काहीच पाठवलं नाही, काही कळवलंही नाही.

गेल्या महिन्यात यादी छापून आली. आमच्या चित्रापुढे शेवटी लिहिलंय, 'सध्या अमरावती, भारत. तिथे कसं पोचलं, माहीत नाही.'

चौकातल्या त्या माणसानं तरी याहून वेगळं काय म्हटलं होतं?