नाव न घेणारे मोकळे सर

मोकळे सरांनी कधी कुणाचं नाव घेतलं नाही. ते फक्त एवढंच सांगत, "चौकातल्या मेडिकलवाल्याची मधली सून." चौकात मेडिकल एकच होतं, हा काही त्यांचा दोष नव्हता.

त्यांचं खरं आडनाव वेगळं. संगमनेरला स्टँडमागे त्यांचं समुपदेशन केंद्र होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘मन मोकळं करा’. त्यावरून लोकांनी हे नाव ठेवलं. मी तिथे चार वर्षं व्यवस्था बघत होते. येणाऱ्यांना वेळा देणं, फायली लावणं, कपाटाची किल्ली सांभाळणं. किल्ली मी उगाच सांभाळली. कपाटातलं सगळं संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचलेलं असायचं.

ऐकायचे मात्र छान, हे मान्य करते. समोरचा रडू लागला की गप्प बसायचे, पाण्याचा पेला हलकेच पुढे सरकवायचे, घड्याळाकडे बघायचे नाहीत. एकदा श्रीगोंद्याकडचे पन्नाशीचे एक गृहस्थ तासभर नुसते रडले आणि जाताना हसले. मला सरांचा अभिमान वाटला. तो टपरीपर्यंत टिकला. टपरीवाला म्हणाला, "मॅडम, ते श्रीगोंद्याचं पाव्हनं लई रडलं म्हनं?"

जाब विचारला की सर दुखावलेला चेहरा करत. "मी नाव घेतलं का?" गोपनीयतेबद्दलची त्यांची सगळी अक्कल एवढ्यात संपायची. मी एका कागदावर नियम लिहून त्यांच्या टेबलासमोर चिकटवले. न विचारता नवऱ्याला, आईला, कुणालाही सांगायचं नाही. जिवाला धोका असेल तरच अपवाद. भाषणात उदाहरण द्यायचं तर आधी त्या माणसाची परवानगी. सरांनी त्यावर कॅलेंडर टांगलं. "मॅडम, तुम्ही याद्या करा. मी माणसं उभी करतो."

मग एक शिक्षिका येऊ लागल्या. त्यांना इथे ताई म्हणते. नवरा वारलेला, सात वर्षांची मुलगी. सासरची माणसं त्या मुलीवर जीव टाकणारी. ताईंना दुसरं लग्न करायचं होतं आणि ते सासऱ्यांना कसं सांगावं, एवढ्यासाठीच त्या येत होत्या. धीर गोळा झाला की स्वतः सांगणार होत्या.

त्याआधी सरांचं राहात्याला एका महिला मंडळात भाषण झालं. नाव अर्थातच घेतलं नाही. गणित शिकवणारी बाई, नवरा ट्रॅक्टर उलटून गेलेला, एकच मुलगी, होणारा नवरा बँकेत. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत ताईंच्या जाऊबाई बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सासरे नातीला शाळेतूनच परस्पर घेऊन गेले. ताईंनी फोन केला तेव्हा म्हणाले, "साऱ्या गावाला सांगितलंस, आमाला न्हाई. आता कर लगीन. पोर आमची हाय."

ताई तशाच केंद्रात आल्या. "सर, हे मी सांगणार होते ना?"

"अहो, पण मी नाव..."

"वाक्य पुरं करू नका," मी म्हणाले.

त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. इतक्या हलक्या माणसाकडे मी चार वर्षं काम केलं, याची मला तेव्हा शिसारी आली.

"माझी फाईल द्या," ताई म्हणाल्या.

"ती केंद्राची असते," सर म्हणाले.

मी कपाट उघडलं, फाईल ताईंच्या हातात दिली, किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यांच्याबरोबरच बाहेर पडले.

मुलगी तीन महिन्यांनी परत आली. ताईंनी लग्न मोडलं तेव्हा. सर अजून भाषणं देतात. गर्दीही होते म्हणे.

हे लिहून झाल्यावर कागद आधी ताईंकडे नेला. गावं, शिकवायचा विषय, नवऱ्याचं मरण, सगळं बदललंय, असं सांगितलं. "तरी कुणी ओळखलं तर?" त्यांनी विचारलं. तुम्ही नको म्हणालात तर फाडून टाकते, मी म्हणाले. त्यांनी दोनदा वाचलं आणि दोन ओळी खोडल्या. साऱ्या लेखात त्याच चांगल्या होत्या. त्या इथे नाहीत.