पानांवर उभा क्रूस

मी मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकवत असे. पण जीव गुंतला होता तो पोर्तुगीजांच्याही कित्येक शतकं आधी इराणकडून गलबतांतून कोकणात आलेल्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांत. जुन्या प्रवासवर्णनांत त्यांचा उल्लेख होता, खूण मात्र मला कुठं सापडत नव्हती. स्वातंत्र्यानंतर दर मे महिन्यात मी बायकोसह बोटीनं रेवसला उतरायचो आणि चौल-रेवदंड्यात दगड बघत हिंडायचो. "लोक सुट्टीत सासुरवाडीला जातात, आम्ही दगडवाडीला," असं ती म्हणे.

एका सकाळी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात एका आजींची धुण्याची धोंड डुगडुगत होती. बायकोनं हात लावला, दोघींनी मिळून ती उलथली.

"अहो, लवकर या!"

खालच्या अंगाला क्रूस कोरलेला होता. मी आधी हिरमुसलो. पोर्तुगीजांचे क्रूस तिथं काय कमी? पण शेवाळ खरवडलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पोर्तुगीजांचा क्रूस बहुधा पायऱ्यांवर उभा असतो. याच्या बुडाशी पानं होती, दोन्हीकडून वर वळलेली. ही तर पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची रीत! कडेला झिजलेली अक्षरंही होती.

"मास्तर, सोना हाय का त्यान?" आजींनी विचारलं.

"सोन्याहून मोठं आहे, आजी!"

"मंग ने. पन मना दुसरी धोंड आन. धुनं कशावर धुवू?"

आम्ही बैलगाडीतून चांगली सपाट धोंड आणून दिली आणि मी माझ्या गुरूंना तार केली. मला सिरियाक, म्हणजे त्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी प्रार्थनेची भाषा, शिकवणारे ते वृद्ध पाद्री. बोट लागते म्हणून त्यांनी कधी खाडीसुद्धा ओलांडली नव्हती. ते आले! चेहरा पांढराफटक, पण थेट दगडापाशीच जाऊन बसले. बोटांनी अक्षरं चाचपली.

"शब्द लागत नाही," ते म्हणाले, "पण वळण इराणीच. अरे, इथं आपली माणसं राहत होती रे!"

आणि त्यांनी खड्या आवाजात सिरियाक प्रार्थना म्हटली. आजींनीही हात जोडले. मग डॉक्टरांचं पथ्य विसरून गुरुजी आजींकडं बोंबलाचं कालवण दोनदा मागून जेवले.

माझा लेख छापून आला. काही विद्वानांनी मानलं, काहींनी दगड मागाहूनचा ठरवला. पुढची कैक वर्षं मी त्यांच्याशी अगदी आनंदानं भांडलो.