निकालाच्या यादीतली एकसष्टावी

ऑगस्टमधला तिसरा रविवार, सकाळी अकरा, लातूर. हजर: क्लासचे सर, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि मी. जिच्यासाठी बैठक होती त्या भाचीला बोलावलं नव्हतं. कुठेही बसलं की अशी नोंद करायची, ही माझी नांदेडच्या ऑफिसातली सवय.

भूकंपात भावाचं घर पडलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता बारावीत. तिच्या डॉक्टरकीसाठी भावाने गाव सोडून लातुरात दोन खोल्या घेतल्या होत्या. दहावीपर्यंत कायम पहिली येणारी ही मुलगी क्लासच्या रविवारच्या टेस्टमध्ये मात्र दर वेळी दुसरी. पहिली यायची ती संध्याकाळच्या बॅचची एक मुलगी. कधी दोन मार्क जास्त, कधी एकच. भाचीचं जेवण तुटलं होतं, म्हणून मी आले होते.

"काळजी करू नका ताई," सर म्हणाले. "अशी मुलं जरा भुकेली ठेवावी लागतात."

वहिनीने मान खाली घातली. सरांनी ड्रॉवरमधून एक पुस्तक काढून मला दिलं. "तासाला हे वाचत होती. तुमच्याकडेच राहू द्या."

विज्ञान कादंबरी होती. परतीच्या एसटीत चाकूर यायच्या आत मी निम्मी वाचली. अंतराळयानातली मोठी माणसं एका तल्लख मुलाला सांगत राहतात की दुसऱ्या यानात त्याच्याहून हुशार मुलगा आहे. दुसरं यान नसतंच. भाचीची खूण हे उघड होतं त्या पानाच्या बरीच अलीकडे होती. सरांनी पुस्तक तासाला वाचत होती म्हणून काढून घेतलं, की पुढचं त्यांनी वाचलं होतं म्हणून?

पुढच्या रविवारी मी परत गेले. टेस्ट दोन्ही बॅचची एकाच वेळी, पण वेगवेगळ्या खोल्यांत व्हायची. भिंतीवर दोन कागद होते: कोण कुठे बसणार आणि कोणाला किती मार्क. दोन्ही वहीत उतरवले. निकालात एकसष्ट नावं, बसायच्या यादीत साठ. नव्हतं ते नाव पहिल्या नंबराचं.

भावाला बाहेर बोलावून वही दाखवली. त्याने नीट बघितलीही नाही.

"ठाव हाय मला."

"तुला माहीत होतं?"

"सरांनी इचारलं, मी हाव म्हनलो. पहिली आली की पोरगी ढिली पडती म्हनले."

"आणि जेवत नाही ते?"

"परीक्षा होस्तोवर गप ऱ्हा, बाई. मंग तूच सांग."

निघताना भाची स्टँडवर सोडायला आली. "आत्या, त्या पोरीला एकदा भेटायचं हाय. नोट्स नको मला. कशी वाचती, कवा झोपती, तेवढंच इचारते."

"परीक्षा झाल्यावर बघू," मी म्हणाले. म्हणजे सर आणि भावाचं जे ठरलं होतं त्यात मीही सामील झाले.

परीक्षा झाली, मेडिकलला नंबर लागला, घरात सगळे खूश. सांगायला तोंड उघडावं तर भाऊ डोळे मोठे करायचा. आज ती सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. वरिष्ठ तिला एमडीच्या परीक्षेला बस म्हणतात. ती हसून टाळते. "माझी तेवढी झेप न्हाई, आत्या. खरी हुशार पोरगी मी क्लासला बघितलीय."

बघितलीय, म्हणते.

एमडीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत या शुक्रवारी संपते. या आठवड्याच्या कामांत गिझरची दुरुस्ती झाली, आयकराचे कागद दिले. भाचीला फोन: बाकी.