पाय खाली टेकू नका

तीस वर्षं मोटरसायकलवरून पत्रं वाटलेल्या माणसाला गाडी चालवायला शिकवायचं, म्हणजे त्याचा अपमानच की! पोस्टमनकाकांना तरी तसंच वाटलं. जावयानं हौसेनं त्यांना माळावर एटीव्ही चालवायला नेलं होतं. जाड टायरांची ती चारचाकी, आणि शिकवणाऱ्या बाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या.

बाईंनी हेल्मेट घालायला लावलं, चपला काढून घोट्याच्या वर येणारे जाड बूट चढवायला लावले. काकांनी नाक मुरडलं.

"गाडी कलली तरी पाय खाली टेकू नका," बाई म्हणाल्या. "मोटरसायकलवाले हमखास टेकतात आणि पाय मागच्या चाकाखाली जातो."

त्यांनी हे दोनदा सांगितलं. काकांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

पहिल्याच उतारावर गाडी कलली आणि सवयीनं काकांचा डावा पाय जमिनीवर गेला. चाकानं तो ओढून घेतला. काका खाली, गाडी वर. जावई त्यांना ओढायला धावला, तेव्हा "ओढू नका, पाय आणखी चिरडेल!" असं म्हणत बाई त्याच्यावर अशा कडाडल्या की तो जागीच थिजला. त्यांनी इंजिन बंद केलं, माळावरच्या चौघांना हाताशी घेऊन गाडी सरळ वर उचलली, पायाला फळी बांधली, आणि मानेला धक्का बसू नये म्हणून डॉक्टर येईपर्यंत हेल्मेटला कुणाला हात लावू दिला नाही.

"बूट नसता तर पाऊल गेलंच होतं," डॉक्टर म्हणाले.

पाऊल गेलं असतं तर पत्रं वाटणं संपलं असतं, आणि त्याशिवाय काकांना भांडण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. पाच महिने त्यांनी घरात आदळआपट केली, बायकोनं ती सोसली. सहाव्या महिन्यात ते कामावर रुजू झाले आणि पहिल्याच सुट्टीला माळावर गेले.

बाई शेडमध्ये टायरची हवा तपासत होत्या. काकांना बघून उठल्या. नजर थेट पायावर.

"तुमच्यामुळे पाय राहिला," काका म्हणाले. "हे उपकार फिटायचे नाहीत."

"मी तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं, काका. सहा महिने तेच डोक्यात घोळतंय."

काकांना स्वतःची लाज वाटली. इतके दिवस त्यांनी फक्त आपल्याच पायाचा विचार केला होता.

"पोरी, दहादा सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. चूक माझी. हे सांगायला लवकर यायला हवं होतं."

बाईंनी हातातलं मीटर खाली ठेवलं. "चालून दाखवा."

काका शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. बाईंना रडू फुटलं, म्हणून ते पुन्हा एकदा चालले.